कुठं दुखतं, बोट ठेवून दाखव

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्याकडचे रस्ते पहाटे पाचलाच जागे होतात. पेठ, सुरगाणा, हरसूल म्हणा, नाहीतर दिंडोरी, चांदवड म्हणा, मुली धावताना दिसतात. मैदान असेल तिथं मैदानावर, नसेल तिथं डांबरी सडकेवर. भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, शिवाय गोळाफेक असते. काही मुली शाळेच्या खो-खोच्या, कबड्डीच्या संघात असतात. आणि सराव सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की घरात एक वाक्य ऐकू येतं, "आई, पाय दुखतोय गं."

यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, "मग सोड ते पळणं, पोरीच्या जातीला कशाला हवंय?" दुसरं, "एवढं तेवढं दुखणारच, सहन कर." पहिल्या उत्तरानं मुलीचा खेळ बंद होतो, दुसऱ्यानं कधी कधी पाय बंद पडतो. आम्हाला वाटतं, आईनं तिसरंच काहीतरी म्हणावं. "कुठं दुखतं, एका बोटानं दाखव." आज आपण त्या बोटाबद्दल बोलणार आहोत.

मुलींनी पळावं का, या प्रश्नात आज आम्ही वेळ घालवणार नाही. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यानं देऊन ठेवलंय. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची. पुढं नाशिकला विजेंदर सिंग सरांकडे ती शिकली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या पंचवीस फेऱ्यांमध्ये, तिनं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य. २०१६ला ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉनही धावली. चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधवनं २०१७ साली भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य घेतलं. या पायांची हाडं काही वेगळ्या मातीची नव्हती. तुमच्या-आमच्या मुलींसारखीच होती.

तर आधी पाय वरून खाली पाहू. बसल्या जागी हात लावून बघितलंत तरी चालेल.

कमरेच्या बाजूला, जिथं आपण लेकराला कडेवर घेतो, तिथं खुबा. आतला सांधा उखळीचा. कमरेच्या हाडात खोलगट उखळ आणि मांडीच्या हाडाचं गोल डोकं त्यात बसलेलं. म्हणून मांडी पुढं, मागं, बाजूला, गोल, सगळीकडे फिरते. मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड. पण त्या गोल डोक्याखाली एक बारीक मान असते. ही मान लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

गुडघा म्हणजे बिजागरी. दारासारखा पुढं-मागं हलतो, बाजूला वळवायला गेलं की कुरकुरतो. पुढं वाटी, आत दोन गाद्या, आणि बिजागरी जागेवर राहावी म्हणून आतून-बाहेरून पट्टे. त्याखाली नडगी. नडगीच्या पुढच्या-आतल्या बाजूला हाडावर फक्त कातडी असते, मांस नाही, म्हणून तिथं खाटेचा पाय लागला की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मागं पोटरी. पोटरीचं मांस खाली निमुळतं होत एका जाड दोरीत संपतं, ती दोरी टाचेला बांधलेली. आणि शेवटी पाऊल. एका पावलात २६ हाडं असतात. ती कमानीसारखी रचलेली, म्हणून ओल्या पायाचा ठसा मधे पोकळ उमटतो. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार या कमानीवर येतो आणि तिथून वर नडगी, गुडघा, खुब्याकडे जातो.

एक शब्दाचा घोटाळा इथंच सोडवू. आपण सगळ्यालाच "शीर" म्हणतो. शीर दबली, शीर चढली, शीरेवर शीर आली. पण ओढणारं मांस म्हणजे स्नायू. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी वेगळी, जशी ती टाचेमागची. आणि हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, तो आणखी वेगळा. तिघांना लागतं वेगवेगळ्या तऱ्हेनं आणि तिघांना बरं व्हायला लागणारा वेळही वेगळा. ताणलेला स्नायू दोन-तीन आठवड्यांत सावरू शकतो. तुटलेला पट्टा महिनोन्‌महिने घेतो. "शीर आहे, होईल बरी" म्हणून गप्प बसलो तर हे कळतच नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी दुखापत. पाऊल मुरगळणं. खड्ड्यात, बांधावर, खो-खोत वळताना किंवा कबड्डीत कुणी घोटा धरला की पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या घोट्याचे पट्टे ताणतात. आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि दणकट, बाहेरचे तीन त्यामानानं बारीक. म्हणून सूज बहुतेक वेळा बाहेरच.

अशा वेळी पहिला प्रश्न, हाड मोडलंय का? कॅनडातल्या ओटावा शहराच्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक सोपी तपासणी जगाला दिली, आजही मोठमोठ्या दवाखान्यांत तीच वापरतात. मुलीला चार पावलं टाकायला सांगा. लंगडत टाकली तरी चालतील. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायलाच हवा. टाकता आली, तर दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाच्या टोकावर आणि मागच्या कडेवर बोट दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध एक उंचवटा लागतो, त्यावर. आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर जे हाड पुढं आलंय, त्यावर. यातल्या एकाही हाडावर बोट ठेवताच ती ओरडली तर एक्स-रे. हाडावर दुखत नाही, नुसतं घोट्यापुढच्या मऊ भागात दुखतंय, तर बहुधा पट्टा ताणलाय आणि घरी सांभाळता येईल. ही तपासणी मोठ्यांसाठी. लहान लेकरू पाय टेकत नसेल तर सरळ दाखवून आणा.

घरी सांभाळायचं म्हणजे काय? खेळ लगेच थांबवायचा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पहिले दोन दिवस. बर्फ थेट कातडीला लावू नका, भाजल्यासारखं होतं. पाड्यावर बर्फ कुठला? माठातल्या गार पाण्यात फडकं बुडवून ठेवा, गरम झालं की बदला. बर्फाइतकं नाही, पण उपयोग होतो. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा, बोटं निळी पडतील इतकं घट्ट नको. आणि झोपताना पायाखाली दोन गोधड्या.

आता जे नाही करायचं ते. पहिले दोन दिवस गरम तेल नाही, शेक नाही, चोळणं नाही. आम्हाला माहीत आहे, गावात चोळून देणारी आजी असते, आणि तिच्या हाताला गुणही असतो. पण आत रक्त झिरपत असताना चोळलं, शेकलं, तर ते आणखी झिरपतं आणि सूज वाढते. आणि हाड मोडलेलं असताना कुणी ओढून "बसवलं" तर जागेवर असलेलं हाडही जागा सोडतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर आजीनं हलक्या हातानं फिरवलं तर आमची हरकत नाही.

पण खरी चूक पुढं होते. सूज उतरली की आपण पाय बरा झाला असं धरतो, आणि तोच पाय महिन्याभरात पुन्हा मुरगळतो. कारण पट्ट्यांमध्ये, स्नायूंमध्ये तोल कळवणारी जाणीव असते, तीही दुखापतीत बिघडते. ती परत शिकवावी लागते. उपाय फुकट आहे. एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून, मग डोळे मिटून. दात घासताना करा, नळावर नंबर यायची वाट बघताना करा. सोबत पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, दहा-दहा वेळा. चार-सहा आठवडे तरी रोज.

गुडघ्याकडे येऊ. खो-खो, कबड्डी हे गचकन थांबायचे आणि वळायचे खेळ. पाऊल मातीत रुतलेलं, अंग वळलं, गुडघा आत गेला, "टक्" आवाज झाला आणि तासा-दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला, तर आतला पट्टा तुटल्याची दाट शंका धरा. वळण्या-उड्या मारण्याच्या खेळांत ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात होते. ठेवण, हालचालीची सवय, सरावाची कमतरता, अशी कारणं सांगतात. आम्हाला विचाराल तर सरावाची कमतरता आपल्या हातातली आहे. उडी मारून खाली येताना गुडघे एकमेकांकडे झुकू न देता पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायला शिकवलं, बैठका तशाच घातल्या, तर हा धोका बराच कमी होतो हे जगभरच्या संघांत दिसलं आहे. मैदानावरच्या सरांना हे विचारायला लाजू नका. गुडघा चालताना मधेच दगा देत असेल किंवा अडकून सरळच होत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पायऱ्या उतरताना, उकिडवं बसताना वाटीभोवती दुखतं, सूज नाही, ही तक्रार धावणाऱ्या मुलींची फार. तिथं नुसता मलम लावून भागत नाही. बहुतेकदा खुब्याबाजूचे आणि मांडीचे स्नायू कमजोर असतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, हा साधा व्यायाम गुडघ्याला बरं करतो. तक्रार एकाची, कामचुकार दुसराच, असं शरीरातही असतं.

१०० मीटरच्या मुलींना मांडीच्या मागं चमक भरते, जोरात सुटताना कुणी मागून खडा मारल्यासारखी. तो स्नायू फाटतो. थांबायचं, बर्फ, आणि पुन्हा पूर्ण वेगानं धावायची घाई करायची नाही. ती घाई केली की हा स्नायू हमखास पुन्हा जातो.

आता नडगी. इथं आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण भरतीच्या मुलींचा पाय इथंच अडतो, आणि बोटाची खूण इथंच कामाला येते.

एरवी घरची कामं करणारी मुलगी जाहिरात निघाली की एकदम रोज चार-पाच किलोमीटर डांबरावर पळायला लागते. दोन-तीन आठवड्यांत नडगीच्या आतल्या कडेनं दुखायला लागतं. तिला दाखवायला सांगा. ती जर तळहात फिरवून "इथून इथपर्यंत" असं वीतभर दाखवत असेल, सुरुवातीला दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर हाडाला चिकटलेला भाग सुजलाय. पळणं निम्म्यावर आणा, डांबर सोडून मातीवर या, पोटरी ताणा, बर्फ लावा. महिन्याभरात उतार पडतो.

पण ती जर एकच बोट ठेवून "इथंच" म्हणाली, तिथं दाबल्यावर कळ आली, पळताना दुखणं वाढत गेलं, आणि आता चालताना किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखतं म्हणाली, तर थांबा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पडली नाही, आपटली नाही, तडा कसा? असं बघा. आपण खळं सारवतो, ते वाळू देतो, मग मळणी. हाडही रोज थोडं झिजतं आणि रोज सारवलं जातं. पळणं वाढलं की आधी झीज वाढते, नवं हाड भरायला त्याला आठवडे लागतात. सारवण वाळायच्या आत रोज मळणी घातली तर भेगा पडणारच.

यात एक फसगत आहे. अशी भेग पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. फोटो चांगला आला म्हणून मुलीला पुन्हा पळायला धाडू नका. डॉक्टरांना सांगा, "एका बोटावर दुखतं, आणि गेल्या महिन्यात पळणं एवढं वाढवलं होतं." त्यावरून ते पुढची तपासणी ठरवतील. नडगीच्या साध्या भेगेला साधारण सहा ते आठ आठवडे धावणं बंद ठेवावं लागतं. वेदनाशामक गोळी खाऊन पळणं हे सगळ्यात वाईट. गोळीनं भेग बुजत नाही, फक्त ओरडणारीचं तोंड दाबलं जातं.

आणि आता खुब्यातली ती मान. धावणाऱ्या मुलीला जांघेत खोलवर दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर त्या मानेला तडा असू शकतो. हा तडा आरपार गेला तर शस्त्रक्रिया आणि पुढं खुब्याचं कायमचं दुखणं, इथवर जाऊ शकतं. इथं घरगुती उपाय नाहीत. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर. जांघेचं दुखणं सांगायला मुली लाजतात, आणि सांगितलं तर "पाळीचं असेल" म्हणून आपण सोडून देतो. म्हणून हे मोठ्यानं सांगतोय.

पाळीचा विषय निघालाच आहे. पळायला लागल्यापासून पाळी लांबली, तीन महिने आलीच नाही, तर काही मुलींना बरंच वाटतं, कटकट गेली. पण याचा हाडाशी संबंध आहे. खर्च जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर काटकसर सुरू करतं, पाळी थांबवतं, आणि पाळीसोबत हाडं मजबूत ठेवणारी द्रव्यंही घटतात. अशा मुलींना भेगा जास्त पडतात. बारीक राहिलं की वेगानं पळता येतं म्हणून रात्रीची भाकरी सोडणारी मुलगी आपल्या नडगीतूनच चुकतं करत असते. पाळी थांबली तर डॉक्टरांना दाखवाच, आणि ताट भरा. आपल्या पेठ-सुरगाण्याची नागली यात सोनं आहे. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळापेक्षा कितीतरी जास्त. नागलीची भाकरी, डाळ, अंडं, शेंगदाणे, पालेभाजी. सराव संपल्यावर तासाभरात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, घरातले पुरुष जेवेपर्यंत थांबायचं नाही.

आता बचत गटाच्या बैठकीत बोलायची गोष्ट. सर वहीत फेऱ्या मोजतात. पण पाय फेऱ्यांशिवाय बाकीचंही मोजतो. पहाटे पळून आलेली मुलगी दोन हंडे आणते, दिवसभर चिखलात वाकून आवणी करते किंवा द्राक्षाच्या बागेत उभी राहते, संध्याकाळी पुन्हा पळते. डॉक्टरांनी "विश्रांती" लिहून दिली की आपण पळणं बंद करतो, हंडा तसाच. भेग पडलेल्या पायाला त्या विश्रांतीचा काय उपयोग? सहा आठवडे तिचा हंडा भाऊ आणील, असं घरात ठरलं पाहिजे. पोरगी एकटी हे म्हणू शकत नाही. गटातल्या चार बायका घरी जाऊन म्हणू शकतात.

लहान मुलांचं दोन वाक्यांत. दहा ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखाली दुखरा उंचवटा येतो किंवा टाच दुखते, ते वाढीचं असतं, खेळ कमी केला की थांबतं. पण त्याच वयातलं मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल, गुडघ्यात मात्र काही सापडत नसेल, तर डॉक्टरांना खुबा तपासायला सांगा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं.

आणि हे दिसलं तर वाट न बघता १०८ला फोन. पाय वाकडा दिसतोय, हाड बाहेर दिसतंय, पाऊल गार किंवा बधिर पडलंय, किंवा मार लागल्यावर पोटरी दगडासारखी घट्ट होऊन कळ वाढतच चाललीय. या शेवटच्या प्रकारात काही तासांत स्नायू मरायला लागतो.

बुटांचं विचारतात. कविता अनवाणी धावली म्हणून आपणही धावावं का? जी लहानपणापासून मातीवर अनवाणी वावरते तिचा पाय तसा घडलेला असतो. बूट घालणारीनं एकदम काढून डांबरावर पळू नये. महागाचा बूट लागत नाही. तळ एका बाजूनं झिजलेला नसावा, पंजा आवळू नये, आणि थोरल्या भावाचा उतरलेला, दोन बोटं मोठा बूट तर नकोच.

परत धावायला लागायचं कसं? आधी अर्धा तास भरभर चालून दुखत नाही हे बघायचं. मग एक मिनिट हळू पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी बोट दाबायचं. दुखलं तर एक पायरी मागं, नाही दुखलं तर पुढच्या आठवड्यात थोडं वाढवायचं. वेग सगळ्यात शेवटी.

राहिला तो अवघड प्रश्न, जो मुली दरवेळी विचारतात. "मैदानी चाचणी पुढच्या आठवड्यात आहे आणि आत्ताच पाय दुखतोय, काय करू?" वीतभर दुखत असेल तर चार-पाच दिवस पळू नकोस, चाल, बर्फ लाव, आणि जा. त्यानं कायमचं नुकसान होणार नाही. नडगीवर एका बोटाखाली दुखत असेल तर आधी डॉक्टरांना भेट. भेगेवर धावून हाड मोडलं तर ही भरती जाईलच, कदाचित पुढचीही, आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही, म्हणून हा हिशेब आईबापांनी मुलीसोबत बसून करायचा आहे, तिच्यावर ढकलायचा नाही. जांघेत दुखत असेल तर मात्र मैदानावर जाऊच नकोस.